माझाच आवाज, पण जाहिरात मी बोललेलीच नाही. काय करू?

भोंगेवाला_सोलापूर: मंडळी, अकरा वर्षं झाली रिक्षावरच्या जाहिरातींना आवाज देतोय, साड्यांचे सेल, गड्ड्याच्या जत्रेतले स्टॉल, मराठी आणि कन्नड दोन्हीत. मागच्या खोलीत भिंतींना चादरी टांगून रेकॉर्डिंग करतो, घुमत नाही मग. परवा नव्या पेठेत उभा होतो तर समोरून रिक्षा गेली आणि भोंग्यातनं माझाच आवाज, "तीन दिवस, तीनच दिवस" ही माझीच लकब, पण ती ऑफर मी वाचलेलीच नाही. दुकानदार म्हणाला, मागच्या दिवाळीची क्लिप एआयमध्ये टाकली, पाच मिनिटात झालं, पैसे तर तेव्हाच दिले होते की. मला बोलायलाच सुचेना. कायद्यात काही आहे का?

वकिली_सातरस्ता: दादा, मुंबई हायकोर्टानं २०२४ मध्ये अरिजित सिंगला आणि २०२५ मध्ये आशा भोसलेंना एआयनं आवाज उचलण्याविरुद्ध संरक्षण दिलंय. पण ती नावाजलेली माणसं, आपल्यासारख्याला तेवढ्यावर विसंबून चालणार नाही. यापुढं काम घेतानाच व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, आवाज या एकाच जाहिरातीसाठी, इतकेच महिने, एआयला द्यायचा नाही. अमेरिकेत व्हिडिओ गेमला आवाज देणारे कलाकार २०२४ च्या जुलैपासून जवळजवळ वर्षभर याच मुद्द्यावर संपावर होते, आधी विचारा आणि पैसे द्या एवढंच मागणं.

कापडदुकान_७७: दुकानदाराची पण बाजू बघा, दर आठवड्याला रेट बदलतो, दरवेळी रेकॉर्डिंगचे पैसे कुठनं आणायचे? पण न विचारता केलं हे चूकच, ते मी पण मान्य करतो.

साउंडवाली_ताई: मी एडिटिंग करते, एआयचा मराठी आवाज रोज ऐकते. चहातला च वेगळा, चमच्यातला च वेगळा, लिहायचं अक्षर मात्र एकच, तिथं ते हमखास घसरतं, अशोक चौक पार हिंदीत म्हणतं. आपल्या माणसाच्या कानाला ते लगेच खटकतं. पण हे किती दिवस टिकेल? आणि तुमच्याच क्लिपा देत राहिले तर ते लवकर शिकणार, म्हणून कच्चं रेकॉर्डिंग कुणालाच देऊ नका, म्युझिक घालूनच द्या. क्लोन करायला अगदीच अशक्य नाही होत, पण जड जातं.

भोंगेवाला_सोलापूर: ताई, कच्ची फाइल मीच पाठवली होती, त्यांनीच मागितली म्हणून. आत्ताच दुकानदाराला लिहिलंय की ती जाहिरात थांबवा, नाहीतर वेगळे पैसे द्या. निळी टिक आलीय, उत्तर नाही अजून.