डिटॉक्ससाठी कोळशाची पावडर कुठली घ्यावी?

मृणाल_साताराकर
नमस्कार मंडळी. दिवाळीचा फराळ सगळ्यांच्याच अंगावर आलाय. त्यात सासूबाईंना (वय ६३) त्यांच्या योगाच्या ग्रुपमध्ये कोणीतरी अॅक्टिव्हेटेड चारकोलची पावडर सांगितली. रोज सकाळी उपाशीपोटी एक चमचा, कोमट पाण्यातून, २१ दिवस. पोटातली घाण धुऊन निघते म्हणे. आठवडा झालाय, डबा संपत आलाय आणि दुसरा मागवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. ऑनलाइन बघितलं तर करवंटीचा, बांबूचा, लाकडाचा, दहा प्रकार. कुठला चांगला? त्यांना बीपीची आणि थायरॉइडची गोळी चालू आहे, बाकी ठणठणीत. हां, पोट मात्र दोन दिवस साफ नाही.

बांबूवाला
मी बांबूचा वापरतो, पण फेसपॅकला. पोटात नाही घेतला कधी.

रात्रपाळी
ताई, ब्रँडचं नंतर बघू. थायरॉइडची गोळी त्या किती वाजता घेतात? उपाशीपोटीच ना? आणि कोळसाही उपाशीपोटी. मग ती गोळी रक्तात जातच नसेल, कोळशाला चिकटून संडासवाटे बाहेर पडत असेल. बीपीच्या गोळीचंही तेच होऊ शकतं. आज बीपी मोजून घ्या. आणि पोट साफ होत नाहीये तेही त्या पावडरीमुळेच असणार.

मी अठरा वर्षं कॅज्युअल्टीला सिस्टर आहे. आमच्याकडे कोळसा म्हणजे घड्याळाशी शर्यत. विष किंवा जास्तीच्या गोळ्या पोटात गेल्यापासून साधारण तासाभरात दिला तर खरा उपयोग. मोठ्या माणसाला ५० ग्रॅम, लहान मुलाला वजनाच्या किलोमागे १ ग्रॅम. एकदा चार वर्षांच्या पोराने आजीच्या फिटच्या गोळ्या चॉकलेट समजून खाल्ल्या होत्या. वडिलांनी वीस मिनिटांत उचलून आणलं, पोर शुद्धीवर होतं. वजन १४ किलो, म्हणून १४ ग्रॅम पाण्यात कालवला. रंग दिसला की मुलं तोंड मिटतात, म्हणून झाकणाच्या ग्लासला वर्तमानपत्र गुंडाळलं आणि स्ट्रॉ दिली. अर्धा प्यायला, उरलेला माझ्या एप्रनवर. तो डाग आजतागायत आहे.

आणि हे वाचून कोणी घरी पाजायच्या भानगडीत पडू नका. माणूस गुंगीत असेल तर उलटी होऊन कोळसा फुप्फुसात जातो. रॉकेल, अॅसिड, कॉस्टिक सोडा यांत तर द्यायचाच नाही. दारू, लोहाच्या गोळ्या, लिथियम त्याला चिकटतच नाहीत.

गोखले_मास्तर
सिस्टरबाईंना अनुमोदन. चिकटतं म्हणजे काय ते सांगतो, निवृत्त झालो तरी खडू सुटत नाही. करवंटीचा कोळसा आठ-नऊशे अंश तापमानाला वाफेच्या झोतात ठेवला की त्याला आतून असंख्य बारीक छिद्रं पडतात. एका ग्रॅमचं आतलं-बाहेरचं क्षेत्रफळ हजारेक चौरस मीटर भरतं. आपल्या भाषेत दहा गुंठे! चमचाभर पुडीत अख्खं शेत, फक्त सातबारा मिळत नाही. त्या पृष्ठभागावर रेणू येऊन बसतात. घरच्या पाण्याच्या फिल्टरमध्ये क्लोरीनचा वास जातो तो याच्याचमुळे. पण फिल्टरमधून जे पाणी जातं त्याचंच तो काम करतो, सोसायटीच्या टाकीतलं नाही. पोटातही तसंच. आतड्यात समोर येईल ते धरतो, मग ते विष असो, गोळी असो की जीवनसत्त्व. अंगात साठलेली 'घाण' म्हणून त्याला काही वेगळं ओळखता येत नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात.

तिरकस
म्हणजे फराळाचं तूप पण धरत नाही? मग काय उपयोग.

पिंगळजाई
सिस्टर, आमच्या गावाकडे कुंपणाला बिट्टी आहे, पिवळ्या फुलांची. मुलं बियांनी खेळतात. कोणी खाल्ली तर कोळसा चालतो का?

रात्रपाळी
बिट्टी हृदयावर जाते, थेट मोठं हॉस्पिटल गाठा, कोळशाचं डॉक्टर ठरवतील. त्यात वाद आहेच. बिट्टीची विषबाधा श्रीलंकेत फार. तिथे २००३ च्या अभ्यासात ४०१ रुग्ण होते. पुन्हा पुन्हा कोळसा दिलेल्यांत २.५ टक्के दगावले, एकदाच दिलेल्यांत ८. पुढे २००८ मध्ये बिट्टी, कीटकनाशकं सगळं धरून ४,६३२ जणांवर बघितलं, तर मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक नाही. म्हणून हल्ली सरसकट देत नाहीत. दिल्लीच्या एम्समधल्या विष माहिती केंद्राचा टोल फ्री नंबर १८०० ११६ ११७, फ्रिजवर चिकटवून ठेवा.

@मृणाल, कोणी गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल तर त्यांनाही सांगा. काळे मोमो, काळं आइस्क्रीम खाऊन वर गोळी घेणाऱ्या मुली आहेत. न्यूयॉर्कमध्ये २०१८ साली आरोग्य खात्याने हॉटेलांना खाण्यात कोळसा घालायला बंदी केली होती.

मृणाल_साताराकर
सगळ्यांचे आभार. बीपी १५८/९४ निघालं. एरवी १३० च्या आसपास असतं. सासूबाई आधी ऐकेनात, "नैसर्गिक आहे गं, काय होतंय" चालू होतं. मग मास्तरांचे दहा गुंठे वाचून दाखवले, तेव्हा हसल्या आणि डबा माझ्या हातात दिला. डॉक्टर म्हणाले, पावडर बंद, गोळ्या नेहमीसारख्या, आठवड्याने थायरॉइडचं फार बिघडलं नसेल, तरी सहा आठवड्यांनी टीएसएच करा. उरलेली पावडर वाटीत घालून चपलांच्या कपाटात ठेवलीय, वास जातो म्हणे.

बांबूवाला
वाटीत नको! जुन्या मोज्यात घालून गाठ मारा. आमच्या मांजराने वाटी सांडली होती, हॉलपासून देवघरापर्यंत काळी पावलं.

तिरकस
लक्ष्मीची म्हणून खपवायची की.