बाहेरच्या देशातल्या गरजू बायकांना मदत पाठवायची आहे, कशी आणि कोणाला?

सुदामानगरची_काकू

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. आमची १४ जणींची भिशी आहे, बरीच जुनी, अर्ध्या जणी आता आज्या झाल्यात. मागच्या संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वाणात परत तेच प्लॅस्टिकचे डबे मिळाले तेव्हा मी जरा चिडूनच म्हटलं की हे बंद करा, माझ्याकडे आता डबे ठेवायला डबा लागेल. मग ठरलं की दर महिन्याला भिशीच्या दिवशी प्रत्येकीने २५० रुपये वेगळे काढायचे. वर्षाचे ४२ हजार झालेत आणि आता प्रश्न आहे की द्यायचे कोणाला.

एकीची मुलगी जर्मनीत असते. ती म्हणाली आई तुम्ही इथल्यापुरताच विचार नका करू, अफगाणिस्तानात २०२१ पासून मुलींना सहावीच्या पुढे शाळा बंद आहे, सुदानमध्ये लढाई चालू आहे, तिकडे द्या. तिने एक वेबसाइटपण दाखवली ज्यात २५ डॉलर दिले की कुठल्यातरी देशातली बाई त्यातून शेळी किंवा भाजीचं दुकान घेते आणि नंतर पैसे आपल्याला परत येतात. ऐकायला एकदम मस्त वाटलं. पण आमच्यातली दुसरी म्हणते चार शिवणयंत्रं घ्या आणि वस्तीत वाटून टाका, फोटोपण काढता येईल. तिसरी म्हणते साड्या, स्वेटर गोळा करून पाठवू. मला काहीच कळेनासं झालंय. बाहेर पैसे पाठवायचे तर बँकेत काही कटकट असते का? आणि खरंच पोचतात का? कोणी केलं असेल तर सांगा, जरा साध्या भाषेत.

जमाखर्च

काकू, आधी कागदोपत्री भाग. तुमची भिशी म्हणून पैसे बाहेर जाणार नाहीत. परदेशी पैसे पाठवायची आरबीआयची जी स्कीम आहे, एलआरएस म्हणतात, ती फक्त भारतात राहणाऱ्या एकेकट्या माणसासाठी आहे. मंडळ, ट्रस्ट, एचयूएफ (एकत्र हिंदू कुटुंबाचं खातं), फर्म यांना नाही. म्हणजे तुमच्यापैकी कोणीतरी आपल्या नावाने, आपल्या खात्यातून, पॅन देऊन पाठवायचे. त्यात देणगी चालते, वर्षाची लिमिट अडीच लाख डॉलर आहे, तुम्ही काही तिथे पोचणार नाही. पण छोट्या रकमेवर बँकेचा चार्ज आणि एक्सचेंजमधला फरक जातो, म्हणून तीन-तीन हजाराचे १४ ट्रान्सफर करू नका, अर्धा जीव त्यातच जाईल.

दुसरं, बाहेरच्या संस्थेला दिलेल्या पैशावर ८०जीची, म्हणजे देणगीवर इन्कम टॅक्समध्ये मिळते ती, सूट नाही. इथल्या ८०जीवाल्या संस्थेला द्याल तरी २ हजाराच्या वर कॅश देऊ नका, ऑनलाइन द्या आणि नंतर फॉर्म १०बीई, म्हणजे देणगीचं सर्टिफिकेट, मागून घ्या, फक्त पावतीवर भागत नाही. नवीन टॅक्स रिजीममध्ये असाल तर ८०जी विसराच. आणि सगळ्यांचे पैसे एकीच्या खात्यात टाकून तिनेच सूट घ्यायची असलं काही करू नका, मग भिशीच फुटते, पाहिलंय मी.

जर्मनीवाल्या ताईंना इथल्या संस्थेला काही द्यायचं असेल तर पासपोर्ट कोणता ते बघा. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेतून पाठवत असेल तर हरकत नाही. नागरिकत्व बदललं असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) असलं तरी तो परदेशी पैसा धरतात, आणि तो फक्त एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, रजिस्ट्रेशन असलेली संस्थाच घेऊ शकते, तेही दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मेन ब्रँचमधल्या खात्यात. २०२० पासून असं आहे. बिचाऱ्या लहान संस्था यातच अडकतात.

जुना_फील्डवाला

त्या २५ डॉलरवाल्या साइटबद्दल. मी देवास-धार साइडला सहा वर्षं एका छोटे कर्ज देणाऱ्या कंपनीत फील्डवर होतो, नाव नको. म्हणून जरा आतलं सांगतो.

ती साइट बहुतेक 'किवा' (Kiva) असणार, २००५ची आहे, अमेरिकेतली. तुम्हाला व्याज मिळत नाही हे खरं, पण त्या बाईला कर्ज बिनव्याजी मिळतं असं समजू नका. मध्ये तिथली लोकल कर्ज कंपनी असते आणि ती बहुतेक वेळा व्याज घेते. आणि बऱ्याचदा फोटो तुम्हाला दिसायच्या आधीच त्या बाईला कर्ज दिलेलं असतं, तुमचे पैसे त्या कंपनीच्या गल्ल्यात भरपाई म्हणून जातात. फसवणूक नाही, साइट स्वतः लिहिते. पण माणसाला वाटतं की मी क्लिक केलं म्हणून तिला शेळी मिळाली, तसं नसतं.

आमच्याकडे कसं होतं ते सांगतो. सकाळी सातला सेंटर मीटिंग, सतरंजीवर पाच-पाच बायकांच्या लाइनी, आधी सगळ्या मिळून शपथ म्हणायच्या की आम्ही हप्ता वेळेवर भरू. गॅरंटी म्हणजे एकमेकींची. एक दिवस एक बाई आलीच नाही, पोराला ताप. बाकीच्यांना उठू द्यायचं नाही असा वरून नियम. शेवटी चार जणींनी पदराच्या गाठी सोडून पन्नास-पन्नास काढले आणि एकीने पायातली पैंजणं काढून शेजारणीकडे ठेवली. मी ते पैसे मोजून घेतले, सही केली आणि पुढच्या गावाला गेलो कारण साडेआठला दुसरी मीटिंग होती. एकेका बाईवर तीन-तीन, चार-चार कंपन्यांचं कर्ज, एकाचा हप्ता दुसऱ्यातून. २०१०मध्ये आंध्रात हेच फुटलं होतं. आता आरबीआयने २०२२पासून घातलंय की घराचं उत्पन्न वर्षाला ३ लाखापर्यंत असेल तर हे मायक्रो कर्ज, आणि सगळे हप्ते मिळून महिन्याच्या कमाईच्या निम्म्याच्या वर जायला नकोत. कागदावर बरं आहे.

कर्ज वाईटच असं म्हणत नाही मी. जिचा धंदा आधीच चालू आहे तिला फायदा होतो. पण बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया, मोरोक्को अशा सहा देशांत नीट तपासून २०१५मध्ये जे छापून आलं त्यात हेच निघालं की थोडाफार फरक पडतो, गरिबी हटली वगैरे काही नाही. केनियात त्याच्यापेक्षा मोठा फरक एम-पेसाने पाडला, म्हणजे मोबाइलवरून पैसे ठेवायची आणि पाठवायची सोय, २००७पासून. २०१६च्या एका अभ्यासात निघालं की त्यामुळे सुमारे १ लाख ८५ हजार बायका शेती सोडून छोट्या धंद्यात आल्या. कोणी त्यांना कर्ज दिलं नव्हतं, फक्त पैसा स्वतःच्या हातात राहायला लागला, नवऱ्याच्या खिशात नाही.

आणि ती चार शिवणयंत्रं, प्लीज नका. बाणगंगेकडे एका घरात पाहिलंय, मशीन वर चादर, चादरीवर टीव्ही, टीव्हीवर गणपती. सुई गंजलेली. विचारलं तर म्हणाली भैया, हाटात तयार ब्लाउज मिळतो त्यात माझा धागापण निघत नाही. देणाऱ्यांचा फोटो मात्र भिंतीवर होता.

दांडियाबाजार_सिस्टर

मी बडोद्याची, ३४ वर्षं नर्स, त्यातली बरीच लेबर रूममध्ये. वरच्या भाऊंचं सगळं पटलं पण शिवणाबद्दल थोडं नाही. माझी आजी महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालयात शिवण शिकली, १९१४ची संस्था आहे ती. आजी म्हणायची शिवण राहू दे बाजूला, रोज चार तास घराबाहेर पडायला मिळायचं तेच मोठं होतं. मशीन नुसतं घरात टाकलं की काही होत नाही, चार बायका जमायची जागा असली तर होतं.

काकूंना बाहेरच द्यायचं असेल तर माझं मत बाळंतपणाला द्या. सांगते का.

बाळंतीण रक्तस्रावाने जाते हे आपल्याला वाटतं जुनं झालं. जगात अजूनही वर्षाला हजारो बायका त्यानेच जातात. आणि चूक कुठे होते माहीत आहे, मोजण्यात. आम्हीसुद्धा चादर बघून म्हणायचो की नॉर्मल आहे, दोनशे-तीनशे असेल. काळपट चादर असली की आणखी कळत नाही. मग अर्ध्या तासात बीपी पडायचं आणि पळापळ. आता एक प्लॅस्टिकची शीट आली आहे, बाईच्या खाली घालायची, खाली पिशवी आणि त्यावर मापाच्या रेघा. ५०० मिलीची रेघ आली की वाट बघायची नाही, गर्भाशयाचा मसाज, इंजेक्शन, सलाइन, तपासणी सगळं एकदम सुरू. केनिया, नायजेरिया, टांझानिया, दक्षिण आफ्रिका इथल्या ८० हॉस्पिटलांत करून पाहिलं, दोन लाखांवर बाळंतपणं, २०२३मध्ये निकाल आला की गंभीर रक्तस्राव, ऑपरेशन, मृत्यू हे सगळं मिळून ६० टक्के कमी. मी ते वाचलं तेव्हा रिटायर झाले होते. दोन पेशंट डोळ्यासमोर आल्या, त्यांची नावं अजून आठवतात. एवढी साधी रेघ, आपल्या स्वयंपाकघरातल्या मापाच्या भांड्यावर असते तशी.

दुसरं फिस्टुला. अडलेलं बाळंतपण, दोन-तीन दिवस कळा, सिझरची सोय नाही, बाळाच्या डोक्याचा दाब पडून आतली त्वचा मरते आणि मूत्राशयाला भोक पडतं. मूल बहुतेक जातं आणि बाई राहते ती सतत गळत. नवरा सोडतो, बाकीचे वासामुळे जवळ बसत नाहीत. यूएनएफपीएचा (संयुक्त राष्ट्रांची संस्था) अंदाज जगात ५ लाखाच्या आसपास अशा बायका असतील. इथिओपियात अदिस अबाबाला डॉ. कॅथरीन हॅमलिन आणि त्यांचे मिस्टर १९५९मध्ये तीन वर्षांसाठी म्हणून गेले, तिथेच राहिले, १९७४मध्ये नुसतं फिस्टुलाचं हॉस्पिटल उघडलं. बाई २०२०मध्ये गेल्या, हॉस्पिटल चालू आहे. एक ऑपरेशन झालं की बहुतेक बायका कोरड्या होऊन घरी जातात. हप्ता नाही, शपथ नाही, मीटिंग नाही.

साड्या-स्वेटर मात्र बाहेर पाठवू नका हो, भाड्याचा खर्च साडीपेक्षा जास्त. गूंजसारख्या संस्थेला द्या, तेसुद्धा धुऊन. लोक फाटके परकर देतात, काय सांगू.

रामबाग_ते_राजवाडा

मी जरा भांडणार आहे. अदिस अबाबा ठीक आहे पण काकू तुमच्या घरी भांडी घासायला येते तिची कहाणी माहीत आहे का तुम्हाला? रागवू नका, मी हा प्रश्न आमच्या घरातपण विचारते आणि सगळे चिडतात.

इंदुरात राहून आपल्याला खंडवा रोडवरचं कस्तुरबाग्राम फक्त बसस्टॉप म्हणून माहीत असतं. कस्तुरबांच्या नावाने जो ट्रस्ट निघाला खेड्यातल्या बायका-मुलांसाठी, त्याचं मुख्य ऑफिस तिथे आहे. बरली संस्थान १९८५पासून आहे, झाबुआ-धारच्या आदिवासी मुली तिथे राहून शिकतात, शिवण, अक्षरओळख, तब्येतीचं, सोलर कुकर सगळं. बरली म्हणजे भिली घराचा मधला खांब, ज्यावर छप्पर उभं असतं. आधी जाऊन बघा, मुलींशी बोला, मग पैसे द्या. फोटोवरून देऊ नका.

आणि पैशाशिवाय एक काम आहे जे कोणी करत नाही ते म्हणजे सोबत जाणं. कोणाही बाईला, कमाई कितीही असो, सरकारकडून फुकट वकील मिळतो, १९८७च्या कायद्यात आहे. १५१०० वर फोन करायचा किंवा जिल्हा कोर्टात विधिक सेवा प्राधिकरणात जायचं. मारहाण असेल तर १८१. वन स्टॉप सेंटरमध्ये पाच दिवसांपर्यंत राहायची सोय, पोलिस, डॉक्टर, समुपदेशन एका जागी. हे सगळं आहे! पण आमच्या गल्लीतली जी बाई स्वयंपाकाची कामं करते तिला माहीत असूनही ती दीड वर्ष गेली नाही कारण एका दिवसाची रोजी जाते, रिक्षाचे जाऊन-येऊन पैसे, पोरगं कोणाकडे ठेवायचं, आणि तिथे फॉर्म हिंदीत भरायचा. तिला भीती नवऱ्याची कमी आणि काउंटरची जास्त. लाडली बहना या सरकारी योजनेचे पैसे अडकले होते तेपण आधार खात्याला जोडलेलं नव्हतं एवढ्यावरून. मी बँकेत सोबत गेले, वीस मिनिटांचं काम होतं, आठ महिने थांबलं होतं.

जुना_फील्डवाला

रामबागताई बरोबर. पण यात 'इथलं का तिथलं' असं भांडण लावू नका. दोन्ही होऊ शकतं.

रामबाग_ते_राजवाडा

होऊ शकतं पण होत नाही ना भिया. तिथलं क्लिक करून होतं म्हणून लोक तेच करतात.

सुदामानगरची_काकू

सगळ्यांचे आभार, उशीर झाला लिहायला. भिशीत तुमचं सगळं वाचून दाखवलं, दोन तास चर्चा, पोहे गार झाले. शिवणयंत्रवाली अजून रुसलेली आहे. पैंजणांचं वाचताना मात्र कोणी काही बोललं नाही.

ठरलं ते असं. ३० हजार इथल्या संस्थेला, पण आधी आम्ही पाच जणी जाऊन बघून येणार, पुढच्या गुरुवारी, ऑनलाइनच देणार आणि तो १०बीई मागणार. १२ हजार आमच्याकडेच राहतील, रिक्षा आणि बुडालेली रोजी याच्यासाठी, एका वहीत लिहून. बाहेरचं म्हणाल तर आम्ही तिघी आपापल्या खिशातून, आपापल्या नावाने, फिस्टुलाच्या ऑपरेशनसाठी देतोय, सिस्टर तुम्ही सांगाल तिथे. जर्मनीवाल्या मुलीला सांगितलं, ती म्हणाली मी पण इथल्या संस्थेला देते, तिचा पासपोर्ट अजून आपलाच आहे.

आणि रामबागताई, रागावले होते मी आधी. मग विचारलं माझ्या घरी येते तिला. ११ वर्षं येते माझ्याकडे आणि मला माहीत नव्हतं की तिच्या मुलीला सासरच्यांनी मार्चमध्ये घराबाहेर काढलंय. मंगळवारी तिघी कोर्टात गेलो. काउंटरवर मला विचारलं आप इनकी कौन, मी म्हटलं साथ में आई हूँ. त्यांनी दुसरी खुर्ची दिली. वकील मिळालाय, पुढची तारीख २० दिवसांनी, तेव्हा माझ्या गुडघ्याचं फिजिओ आहे तर दुसरी कोणीतरी जाईल, वहीत नाव लिहिलंय.

डबे मात्र एकीने या वेळीही आधीच घेऊन ठेवले होते, १४. कोणाला हवेत का?