सर्वधर्मीय शोकसभेत आमच्या पाळकांनी आशीर्वाद द्यावा का?

एल्डर_मिझुरी: नमस्कार. मी अमेरिकेत मिझुरी सिनॉड या लुथरन चर्चसंघाच्या एका मंडळीत एल्डर (मंडळीतला वडीलधारा सेवक) आहे. पुरात आमच्या गावातली काही माणसं गेली, त्यांतलं एक कुटुंब आमच्याच मंडळीचं. रविवारी सर्वधर्मीय शोकसभा आहे आणि शेवटचा आशीर्वाद आमच्या पाळकांनी द्यावा अशी विनंती आली आहे. सिनॉडच्या घटनेचं सहावं कलम मिश्र उपासनेला, म्हणजे वेगळ्या श्रद्धेच्या लोकांसोबत मिळून केलेल्या उपासनेला, सरळ नकार देतं. पण नाही म्हटलं तर त्या कुटुंबाला तोंड कसं दाखवायचं? दोन रात्री डोळ्याला डोळा नाही.

जुना_वाचक: कलमच पुरेसं आहे. सिनॉडचे मूळ लोक जर्मनीतल्या सॅक्सनीहून 1839 साली आले तेच मुळी विश्वासाची कबुली पातळ होऊ नये म्हणून. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर न्यू यॉर्कच्या यांकी स्टेडियममधल्या सर्वधर्मीय सभेत 23 सप्टेंबर 2001 ला सिनॉडचेच पाळक डेव्हिड बेंके यांनी प्रार्थना केली, तीही येशूच्या नावाने, तरी पुढच्या वर्षी त्यांना निलंबित केलं गेलं.

चॅपलेन_ताई: आणि 2003 मध्ये ते निलंबन रद्द झालं, तेही सांगा ना. अमेरिकेतल्याच न्यूटाउन गावाचंही बघा. तिथल्या सँडी हुक शाळेत 14 डिसेंबर 2012 ला गोळीबारात 20 मुलं आणि 6 मोठी माणसं मारली गेली. दोन दिवसांनी झालेल्या सर्वधर्मीय शोकसभेत रॉब मॉरिस या आपल्याच पाळकांनी शेवटचा आशीर्वाद दिला. त्यांच्या मंडळीतलंही एक मूल गेलं होतं. फेब्रुवारीत सिनॉडचे अध्यक्ष मॅथ्यू हॅरिसन यांनी त्यांना माफी मागायला सांगितली, त्यांनी मागितली. मग देशभर गहजब झाला आणि प्रकरण नीट हाताळलं नाही म्हणून हॅरिसन यांनी स्वतःच माफी मागितली. मॉरिस यांचं म्हणणं होतं की ही एकत्र उपासना नव्हती, दुःखात बुडालेल्या गावासाठी केलेलं दयेचं काम होतं. मला ते पटतं, पण अर्धंच. सभेला आलेल्या माणसाला हा फरक दिसायला हवा, आणि एका मंचावर ओळीने सगळ्या धर्मांच्या प्रार्थना झाल्या की तो दिसत नाही.

मी हॉस्पिटलमध्ये चॅपलेन, म्हणजे रुग्णांना आध्यात्मिक आधार देणारी सेविका, म्हणून काम करते. अतिदक्षता विभागात एका हिंदू आईने माझी बाही घट्ट धरून सांगितलं, "तुमच्या देवाकडे मागा." मी येशूच्या नावाने मोठ्याने प्रार्थना केली. ती काही बोलली नाही, बाही मात्र शेवटपर्यंत सोडली नाही. तिथे कोण कोणाची प्रार्थना करतंय याबद्दल दोघींच्याही मनात घोळ नव्हता. करुणा म्हणजे जवळ जाणं, आणि जवळ गेल्यावर आपल्या प्रभूचं नाव गिळून टाकलं तर आपण त्या आईला काय दिलं?

म्हणून आधी कार्यक्रमपत्रिका मागवा. 'सर्वांनी मिळून म्हणायची प्रार्थना' असेल तर पाळकांनी त्यात सामील होऊ नये. बोलायला वेळ मिळत असेल तर शास्त्रवचन वाचावं, ख्रिस्ताचं नाव स्पष्ट घ्यावं आणि खाली उतरून घरच्यांजवळ बसावं. डिस्ट्रिक्ट अध्यक्षांना (सिनॉडच्या विभागीय प्रमुखांना) फोन आजच करा, रविवारनंतर नको.

एल्डर_मिझुरी: पत्रिका मिळाली. शेवटी सर्वांची मिळून एक प्रार्थना छापली आहे, आणि आशीर्वाद त्याच्या लगेच नंतर.

चॅपलेन_ताई: मग आशीर्वाद नको. शास्त्रवाचन सुरुवातीला मागून घ्या. आणि त्या कुटुंबाकडे पाळकांनी शनिवारीच जावं, तिथे हवा तेवढा वेळ प्रार्थना करावी.