मदत हवी आहे: १२० ची साडी २४०० ला विकली, चुकलं का?
मी बडोद्यात शुक्रवारी बाजारातून जुन्या साड्या घेते, धुवून रफू करून ऑनलाइन विकते. मागच्या आठवड्यात एका मावशींकडे महेश्वरी मिळाली, काठ दोन्ही बाजूंनी सारखा, पदरावर पाच पट्टे, फक्त निऱ्यांपाशी एक भोक. त्यांनी १२० सांगितले, मी घासाघीस न करता दिले आणि ती २४०० ला गेली. रफू-कुरिअरचे ३०० धरले तरी खूपच उरले ना! मावशी दारोदार भांडी देऊन हे कपडे गोळा करतात, दिवसभर उन्हात बसतात, म्हणून मन खातंय, कारण खरी किंमत मला माहीत होती नि त्यांना नाही. आता थोडे पैसे नेऊन देऊ, की पुढच्या वेळी आधीच सांगून हिस्सा ठरवू? कोणी असं करतं का, किती देता?