बाबांच्या बायपाससाठी मदत हवी आहे: छोट्या छेदाची शस्त्रक्रिया कुणी केली आहे का?

नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. बाबा ६८ वर्षांचे, मधुमेह जुना. गेल्या आठवड्यात अँजिओग्राफी झाली, हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीत मोठा अडथळा निघाला. डॉक्टरांनी बायपास सांगितली आहे.

छातीचं हाड कापतात हे ऐकल्यापासून बाबा गप्पच आहेत. काल कुळागरात (आमच्या सुपारी-नारळाच्या बागेत) पाटाचं पाणी सोडता सोडता मध्येच थांबले, छातीवर हात ठेवून म्हणाले, "हे परत जुळतलं मरे?" मला उत्तर देता आलं नाही.

बायपासच्या दुसऱ्या एका पद्धतीत डाव्या बरगड्यांमधून लहान छेद घेऊन, धडधडत्या हृदयावरच, छातीतलीच धमनी अडथळ्याच्या पुढे जोडतात, असं समजलं. हाड कापत नाहीत, त्यामुळे ते जुळायला लागणारे दोन-तीन महिने वाचतात. मधुमेह्यांना हाडाच्या जखमेत जंतुसंसर्गाची भीती जास्त, म्हणून मला हीच पद्धत बरी वाटते. पण अडथळे अनेक असतील तर ती प्रत्येकाला जमत नाही म्हणे.

बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) हे होतं का? की बेळगाव-मुंबई गाठावं लागेल? दीनदयाळ कार्ड (गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं) आहे, त्यात बसेल का? कुणाच्या घरी झालं असेल तर कृपया लिहा. पुढच्या सोमवारी डॉक्टरांना भेटायचं आहे, त्यांना नेमकं काय विचारू तेही सांगा.