जास्वंदीवर औषध कोणी मारलं?

ए-२०४: गच्चीवरच्या जास्वंदीवर काल औषध कोणी मारलं? वास अजून जात नाहीये. शेजारीच कढीपत्ता आहे, अर्धी बिल्डिंग तोच फोडणीत टाकते.

बी-४०२ काका: मी मारलं. पिठ्या ढेकूण ही कीड लागलीय. ते पांढरं कापसासारखं कुणालाच दिसलं नाही? तासगावला वडिलांच्या द्राक्षबागेत लहानपणापासून फवारण्या केल्यात मी.

ए-२०४: काका, तुमच्याबद्दल आदर आहेच. पण औषध आंतरप्रवाही आहे ना? ते झाडाच्या रसात उतरतं, पाला धुऊन जात नाही. निदान ग्रुपवर सांगायचं तरी.

सी-७०१: गच्चीवरच्या कुंड्यांमुळे माझ्या बेडरूमच्या छताला ओल आली आहे. फोटो परत टाकतोय.

ए-१०३: आज आमटीला नुसती मोहरी 😄

बी-४०२ काका: हसा. यूट्यूब बघून भरलेल्या कोकोपीटच्या (नारळाच्या भुशाच्या) कुंड्या पावसात कुजायला लागल्या, तेव्हा कोणाला हाक मारली होती?

डी-३०५ वहिनी: टोमणा मला होता, कळलं. पण काका, कोकोपीट कमी करून माती आणि वाळू वाढवा हे मला बागवाल्या मैत्रिणींनीच सांगितलं. त्यांच्याही बागा गच्चीवरच आहेत. जमिनीत मुळं पाणी शोधत खाली जातात, कुंडीत कुठे जाणार?

सी-७०१: ओल. फोटो वर आहे.

सेक्रेटरी: कृपया विषयाला धरून बोला. ओलीचं मीटिंगमध्ये घेऊ 🙏

सी-७०१: मागच्या मीटिंगलाही हेच ऐकलं.

बी-५०१ ताई: काका, माझं माहेरही तासगावकडचं. श्री. अ. दाभोलकर सर तर गणिताचे शिक्षक. त्यांच्या प्रयोग परिवारात द्राक्षवाले एकमेकांच्या बागा बघायचे, कुणाचं काय जमलं, काय फसलं ते उघड बोलायचे. त्यातले कितीतरी मुरलेले बागायतदार होते, तरी विचारायचे. तुमचे वडील नव्हते का जात?

बी-४०२ काका: जायचे. ऑक्टोबर छाटणीला कोण किती डोळे, म्हणजे कोंब, ठेवून वेलीची काडी कापतोय ते बघायला सायकलने जायचे.

ए-२०४: मग आम्हालाही दाखवा ना. गुपचूप फवारून आम्ही काय शिकणार?

बी-४०२ काका: बरं, ऐका. आधी मुंग्या बघा. ढेकणाचा गोड चिकटा खायला त्या येतात आणि त्याची पिल्लं दुसऱ्या फांदीवर नेतात. मुंग्या चढत राहिल्या तर कितीही फवारा, ढेकूण परत येणार.

डी-३०५ वहिनी: हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं! आम्ही लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी मारतो. फार लागलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाकतो.

बी-४०२ काका: शेंड्यांचं बरोबर आहे. तेलाचं बघू. एका जास्वंदीवर तुम्ही मारा, मी फक्त मुंग्या अडवतो.

ए-१०३: गणपतीला फुलं मिळतील ना पण?

ए-२०४: आधी कढीपत्त्याचं बोला.

बी-४०२ काका: कुणी तोडू नका. पाटी लावतो, औषधाच्या बाटलीवरच्या लेबलचा फोटोही टाकतो. रविवारी ७ वाजता गच्चीवर या.

सी-७०१: मी पण येतोय. आधी माझं छत, मग मुंग्या.