शिकायला जुना रोलचा कॅमेरा: के१०००, एई-१ की मामाचा झेनिट?

रानवारा: नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. मोबाईलवर फोटो बरे येतात पण अ‍ॅपर्चर-शटरची (लेन्सचं लहान-मोठं होणारं भोक आणि उघडमीट करणारा पडदा) भानगड डोक्यात बसतच नाहीये, म्हणून रोलवाला मॅन्युअल कॅमेरा घेऊन शिकावं म्हणतोय. बजेट आठ हजार, त्यातच पहिले दोन-तीन रोलपण बसवायचेत. एक पेंटॅक्स के१००० बघून ठेवलाय ५० एमएम लेन्ससकट, विकणारा म्हणतो एकदम मिंट. दुसरा कॅनन एई-१, दिसायला लय भारी. तिसरा मामाचा झेनिट-ई, फुकट, पण वीस वर्षं कपाटात पडून आहे आणि आई म्हणते त्या डबड्यात पैसे घालू नकोस. रविवारी पुण्याला पेंटॅक्स बघायला जातोय, काय काय तपासू?

बुरशीग्रस्त: मिंट म्हणजे बाहेरून ओरखडा नाही एवढंच धरून चाला. जाताना मोबाईलचा टॉर्च आणि एक एलआर४४ बटण सेल घेऊन जा, के१००० ला सेल फक्त मीटरपुरता (प्रकाश मोजायला) लागतो, शटर बिनसेलाचं चालतं. आधी लेन्स काढून अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा आणि मागून टॉर्च मारून आरपार बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती फंगस म्हणजे बुरशी, आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात बंद ठेवलेल्या लेन्सला हमखास धरते. कडेला जराशी असेल तर फोटोत दिसत नाही, पण भाव पाडायला उपयोगी पडते :) मग मागचं झाकण उघडा, कडेच्या खाचांतला काळा फोम बोटाला डांबरासारखा चिकटला तर प्रकाश आत शिरणार. त्यासाठी सौदा मोडू नका, फोम घरी बदलता येतो. सगळ्यात महत्त्वाचं शटर. १ सेकंदावर लावून दाबा, मनात "एक हजार एक" म्हणेपर्यंत बंद व्हायला हवं, अडकून राहिलं किंवा दीड-दोन सेकंद लागले तर आतलं वंगण सुकलंय, म्हणजे सर्व्हिसिंग आलं. मग १/१००० वर लावून खिडकीकडे धरून दाबा, चौकटीची एक बाजू काळी दिसली तर अर्धा फोटो काळा येणार. विकणारा झाकण उघडू देत नसेल तर चहा पिऊन परत या.

तिखटमीठ: एई-१ शिकायला नको. वाईट नाहीये, पण शटर इलेक्ट्रॉनिक आहे, ६ व्होल्टचा सेल संपला की कॅमेरा ठप्प. आणि ऑटोवर टाकला की अ‍ॅपर्चर तोच ठरवतो, मग तुम्ही काय शिकणार? दाबल्यावर कुईं असा आवाज आला तर आरशाची यंत्रणा कोरडी पडलीये, या मॉडेलचं जुनंच दुखणं. अजून एक, रोल, धुणं आणि स्कॅन धरून एका रोलमागे हजाराच्या पुढेच जातात, म्हणजे तीन रोल म्हटले की कॅमेऱ्याला उरले पाचच्या आत. हे आधी धरा.

गवतीचहा: कुणी झेनिटबद्दल बोलेचना! अहो मामाचा कॅमेरा आधी काढा बाहेर. त्यावर बहुतेक हेलिऑस ४४-२ लेन्स असेल, ५८ एमएम एफ/२ (एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान). त्याचं अ‍ॅपर्चर आपल्या हाताने मिटावं लागतं, उघडून फोकस करायचा आणि मग रिंग फिरवून एफ/८ वर आणायचं, व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार होतो पण मागचं-पुढचं कसं स्पष्ट होत जातं ते डोळ्यांनी दिसतं. के१००० मध्ये ही सोयच नाही. मीटर सेलेनियमचा, सेल लागत नाही पण म्हातारपणी झोपतो, मोबाईलवर मीटरचं अ‍ॅप घ्या. नाहीतर कडक ऊन, १०० आयएसओचा रोल, एफ/१६, शटर १/१२५ सेकंद, बस. ४०० चा (प्रकाश जास्त पकडणारा) रोल टाकू नका, झेनिटचं शटर १/५०० च्या वर जात नाही, त्यामुळे उन्हात अ‍ॅपर्चर मोठं ठेवताच येत नाही. आणि १/३० च्या खालीही काही नाही, थेट बी (बटण दाबून धराल तेवढा वेळ उघडं). संध्याकाळी घरात काढायला नाही जमणार, हे मात्र खरं.

बुरशीग्रस्त: +१. आणि रोल भरल्यावर पुढे सरकवताना डावीकडची रिवाइंडची फिरकी फिरतेय का ते बघत जा. मी हरिश्चंद्रगडाला अख्खा दिवस फोटो काढले, काउंटर ४० च्या पुढे गेला तेव्हा ट्यूब पेटली, रोल खाचेत अडकलाच नव्हता. कोकणकडा गेला तो गेलाच.

रानवारा: हाहा दादा, वाईट वाटलं पण हसूपण आलं. तर अपडेट, पेंटॅक्सची लेन्स स्वच्छ निघाली पण १ सेकंदावर पडदा अर्ध्यात अडकला. विकणारा म्हणाला "थंडीमुळे होतं". बाहेर ३६ डिग्री! नाही घेतला. घरी येऊन झेनिट काढला, मीटर मेलाय, फंगस कडेला थोडीच आहे, शटर सगळ्या स्पीडला वेगवेगळं वाजतंय. काल १०० चा रोल भरला आणि आत्ता सातवा फोटो झाला. फिरकी फिरतेय. पहिला फोटो आईचाच, "डबडं बाजूला ठेव" म्हणतानाचा.

गवतीचहा: धुऊन आला की टाका इथे. आईंना विचारून हं.